अफजलपूरची सरहद्द आणि हैदराबादचे परराष्ट्र धोरण

हैदराबाद संस्थानाने १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत स्वतःचे परराष्ट्र धोरण चालवून पाहिले. या काळात त्याचे वकील लंडनमध्ये होते, रोखे कराचीकडे निघाले होते, विनंतीपत्र वॉशिंग्टनला गेले होते, एका बंदरासाठी पोर्तुगिजांशी बोलणी झाली होती आणि शेवटी एक शिष्टमंडळ पॅरिसला सुरक्षा परिषदेपुढे उभे राहिले. नेमक्या याच महिन्यांत संस्थानाच्या कडेकडेच्या तालुक्यांत निजाम सरकारचा अंमल सुटत चालला होता. गुलबर्गा, बीदर, उस्मानाबाद, नांदेड या जिल्ह्यांतली कुटुंबे सोलापूर, अक्कलकोट, बार्शीकडे आसऱ्याला येत होती. या दोन घटनाक्रमांचा इतिहास बहुधा वेगवेगळा लिहिला जातो. राजदूतांच्या आणि मंत्र्यांच्या आठवणींत पहिला येतो, मुक्तिसंग्रामाच्या कथनात दुसरा. प्रत्यक्षात ते एकच प्रकरण होते. हैदराबादच्या दरबाराने परदेशात जे जे मागितले, ते त्याला घरात मिळत नव्हते म्हणून मागितले. परदेशांनी जी उत्तरे दिली, त्यांच्या मुळाशीही एकच प्रश्न राहिला: हे सरकार कोणाच्या वतीने बोलते?

हा प्रश्न अफजलपूरसारख्या तालुक्यातून अधिक स्वच्छ दिसतो. गुलबर्गा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, भीमेच्या काठी वसलेला हा तालुका निजामाच्या मुलखाचा शेवटचा पट्टा होता. पश्चिमेला विजापूर जिल्ह्यातील इंडी आणि सिंदगी, म्हणजे मुंबई प्रांत. उत्तरेला अक्कलकोट, जे मार्च १९४८ पर्यंत स्वतःच एक छोटे संस्थान होते. बोली कानडी आणि मराठी, दोन्ही. याच तालुक्यात भीमा-अमरजा संगमावर देवळ गाणगापूर आहे. श्रीनृसिंह सरस्वतींच्या वास्तव्यामुळे महाराष्ट्रातल्या दत्तभक्तांची पिढ्यान्‌पिढ्या तिथे ये-जा चालू होती. मुंबई-मद्रास लोहमार्गावर सोलापूर सोडले की अक्कलकोट रोड, दुधनी आणि मग गाणगापूर रोड. दुधनीच्या पुढे गाडी निजामाच्या राज्यात शिरे. १९४७ पूर्वी या सरहद्दीचा अनुभव करोडगिरीच्या (जकातीच्या) नाक्यापुरता आणि हाली शिक्क्याच्या नाण्यापुरता होता. सोयरिकी, बाजार आणि यात्रा यांना तिने कधी अडवले नव्हते. १५ ऑगस्ट १९४७ नंतर तीच रेघ दोन परस्परविरोधी दाव्यांची झाली. दिल्लीच्या दृष्टीने ती देशातलीच एक हद्द होती आणि हैदराबादच्या दृष्टीने दोन सार्वभौम देशांमधली.

हैदराबादच्या दाव्याची कायदेशीर बाजू समजण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते. १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहाने निजामाने परराष्ट्र व्यवहार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिले. तेव्हापासून हैदराबादला बाहेरच्या जगाशी स्वतंत्र व्यवहार उरला नव्हता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मिळण्याच्या प्रश्नावरून बरोबरीचा सूर लावला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ च्या पत्रात ब्रिटिश राजसत्ता ही हिंदुस्थानात सर्वोच्च आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी समान पायरीवर बोलू शकत नाही, असे बजावले. १९४७ मध्ये ब्रिटिश निघाले आणि स्वातंत्र्याच्या कायद्याने ती अधिसत्ता संपुष्टात आली. ती दिल्लीकडे वर्ग झाली नाही, लोप पावली. हैदराबादने त्यातून अर्थ काढला तो असा की १७९८ मध्ये दिलेले सारे अधिकार आता आपोआप परत आले आहेत. जून १९४७ च्या फर्मानात निजामाने आपण भारतात किंवा पाकिस्तानात न जाता स्वतंत्र राहणार असल्याचे जाहीर केले. त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनीही त्याच महिन्यात तशी घोषणा केली होती. जुलैअखेर त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्रावणकोर माघारी वळले. हैदराबाद वळले नाही.

शब्दांच्या पातळीवर हा दावा अगदीच पोकळ नव्हता. संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल, १९४१ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या १ कोटी ६३ लाख. स्वतःचे चलन, टपाल, रेल्वे, विद्यापीठ आणि सैन्य होते. संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या अनेक सदस्य देशांपेक्षा हैदराबाद मोठे होते आणि त्याच्या वकिलांनी हे आकडे सर्वत्र मांडले. या आकड्यांत न मांडलेली गोष्ट अशी की त्या १ कोटी ६३ लाखांपैकी कोणालाही या धोरणाबद्दल विचारलेले नव्हते. राज्यात सुमारे ८५ टक्के प्रजा बिगरमुस्लिम होती आणि तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी होती. कारभाराची भाषा उर्दू. सत्तेचा उगम निजामाच्या फर्मानात. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ साली तिच्या स्थापनेच्या वेळीच बंदी आली आणि ती १९४६ मध्ये उठली. १९३८-३९ चे आर्य समाजाचे आणि स्टेट काँग्रेसचे सत्याग्रह, विद्यार्थ्यांचे वंदे मातरम् आंदोलन, तेलंगणातला शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा या सगळ्यांतून एकच मागणी वेगवेगळ्या तोंडांनी पुढे येत होती: जबाबदार राज्यपद्धती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली ऑगस्ट १९४७ मध्ये भारतात सामील होण्याची चळवळ सुरू झाली आणि स्वामीजींना तुरुंगात टाकण्यात आले. त्यानंतर चळवळीचे केंद्र सरहद्दीबाहेर हलले. सोलापूर, बार्शी, गदग आणि हद्दीवरच्या लहानमोठ्या गावांतून कॅम्प उभे राहिले. तिथून संस्थानातील करोडगिरी नाके, पोलीस ठाणी आणि सरकारला महसूल देणारी शिंदीची झाडे लक्ष्य होत.

दरबाराला या असंतोषाची दखल घेण्याचा एक मार्ग होता. प्रजेला अधिकार देऊन, तिच्या संमतीने दिल्लीशी सौदा करणे. मोठ्या राज्याच्या पोटात वसलेल्या, चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या राज्याला याहून बळकट हत्यार नव्हते. सर वॉल्टर मॉन्क्टन हे निजामाचे घटनात्मक सल्लागार. १९३६ च्या राजत्यागाच्या प्रकरणात आठव्या एडवर्डचे वकील म्हणून ते प्रसिद्ध होते. तडजोड करून शक्य तेवढी स्वायत्तता पदरात पाडून घ्यावी, अशी त्यांची धारणा होती. पण दरबाराने टेकू घेतला तो इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचा. तिचे नेते बहादूर यार जंग यांच्या १९४४ मधील मृत्यूनंतर काही काळाने या संघटनेची सूत्रे लातूरचे वकील कासिम रझवी यांच्याकडे आली. तिचे स्वयंसेवक म्हणजे रझाकार. राज्यकर्त्याच्या धर्माच्या प्रत्येक माणसाचा सत्तेत वाटा आहे, असा सिद्धांत या संघटनेने पसरवला होता. त्या सिद्धांतात बहुसंख्य प्रजेला जागा नव्हती, आणि विरोध करणाऱ्या मुसलमानालाही नव्हती.

हैदराबादचे परराष्ट्र धोरण कोणाच्या हातात गेले हे २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे ठरले. भारताबरोबरच्या जैसे थे कराराचा मसुदा निजामाच्या मंडळाने मान्य केला होता आणि शिष्टमंडळ दिल्लीला निघायचे होते. त्या पहाटे हजारोंच्या जमावाने शिष्टमंडळाचे सदस्य छत्तारीचे नवाब (तेव्हाचे सदर-ए-आझम, म्हणजे पंतप्रधान), मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. सरकारचे पोलीस फिरकले नाहीत. शिष्टमंडळाला जाता आले नाही, छत्तारींनी पद सोडले आणि नवे शिष्टमंडळ इत्तेहादच्या मर्जीचे झाले. करार शेवटी जवळपास त्याच शब्दांत २९ नोव्हेंबर १९४७ रोजी झाला. मुदत एक वर्षाची. ब्रिटिश राजसत्तेशी जे संबंध होते ते परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण यांसह भारताशी तसेच पुढे चालू राहतील, असा त्याचा गाभा होता. एकाधिकारी राजवट बाहेरून एकसंध दिसते, पण तिच्यात निर्णयाला विरोध करण्याची सनदशीर जागाच नसते. त्यामुळे जो गट रस्ता ताब्यात घेईल त्याच्याकडे राजाची सही जाते. हैदराबादमध्ये पुढच्या दहा महिन्यांत हेच घडत गेले. करारानंतर सदर-ए-आझम झालेले मीर लायक अली हे उद्योगपती. त्याआधी काही आठवडे ते संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानच्या शिष्टमंडळात बसले होते. वित्त आणि परराष्ट्र व्यवहारांत मोईन नवाज जंग यांचा शब्द चालू लागला.

जैसे थे करार झाला तरी नव्या मंत्रिमंडळाची पावले उलट दिशेने पडली. त्याने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर बंदी घातली, दुसऱ्याने भारतीय चलनाला संस्थानात कायदेशीर चलन म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. सरहद्दीवरच्या तालुक्यांना हा दुसरा निर्णय थेट लागला, कारण इथला बाजार सोलापूर आणि अक्कलकोटशी जोडलेला होता. त्याहून मोठा स्फोट झाला तो पाकिस्तानला दिलेल्या कर्जाने. भारत सरकारच्याच रोख्यांच्या रूपात २० कोटी रुपये पाकिस्तानला देण्यात आले. पाकिस्तानची तिजोरी तेव्हा रिकामी होती आणि काश्मीरमध्ये लढाई चालू होती. दिल्लीने या रोख्यांच्या हस्तांतरणाला अटकाव केला आणि हे परराष्ट्र व्यवहारविषयक कराराचे उघड उल्लंघन आहे अशी भूमिका घेतली. हैदराबादचे उत्तर होते की हा साधा आर्थिक व्यवहार आहे. भारताचे एजंट जनरल म्हणून आलेले कन्हैयालाल मुन्शी बोलारमला राहात होते. त्यांच्यात आणि हैदराबाद सरकारात विश्वास कधी निर्माणच झाला नाही.

दुसरी गरज समुद्राची. चारी बाजूंनी भारताने वेढलेल्या राज्याला बंदर हवे होते आणि सर्वांत जवळचे परकीय बंदर गोव्यातले मार्मागोवा. ते विकत किंवा भाडेपट्ट्याने मिळावे, तिथपर्यंत रेल्वेचा हक्क मिळावा, यासाठी पोर्तुगिजांकडे चाचपणी झाली. लिस्बनमध्ये सालाझारची हुकूमशाही होती, पण दोन अनियंत्रित राजवटींची जवळीक इथे कामी आली नाही. गोवा स्वतःकडे टिकवणे ही सालाझारची पहिली चिंता होती. हैदराबादसाठी भारताशी उघड भांडण ओढवून घेण्यात त्याचा लाभ नव्हता. बंदर मिळाले असते तरी मार्मागोव्यापासून हैदराबादच्या हद्दीपर्यंतचा मुलूख भारताचा होता, ही भूगोलाची अडचण कोणत्याही तहाने सुटणारी नव्हती.

तिसरी गरज शस्त्रांची, आणि इथे बीदरचे नाव येते. भारताने संस्थानाकडे जाणाऱ्या मालाची कोंडी केली होती. हैदराबाद तिला आर्थिक नाकेबंदी म्हणे आणि औषधे, मीठ, पेट्रोल, पाणी शुद्ध करायचे क्लोरिन यांच्या तुटवड्याची तक्रार जगभर करी. शस्त्रे आणण्याचे काम सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने घेतले. १९४८ च्या उन्हाळ्यानंतर त्याची लँकेस्ट्रियन विमाने कराचीहून रात्रीची उडत आणि भारताच्या आकाशातून बीदर, वरंगळ इथल्या दुसऱ्या महायुद्धकाळातल्या धावपट्ट्यांवर उतरत. या विमानांतून आलेल्या शस्त्रांनी सैनिकी तोल बदलला नाही. राजकीय तोल मात्र बदलला, आणि तो हैदराबादच्या विरुद्ध. शांततेची बोलणी चालू असताना कराचीमार्गे चोरून शस्त्रे येत आहेत, हे दिल्लीच्या हाती आयते प्रमाण होते. ब्रिटनमध्ये पुढे हवाई वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल कॉटनला दंड झाला.

या सगळ्या काळात सरहद्दीवर काय चालले होते? रझाकारांच्या टोळ्या गावांवर चालून जात, वसुली करीत, घरे जाळीत. बीदर जिल्ह्यातल्या गोरटा गावी मे १९४८ मध्ये झालेल्या हत्याकांडाची आठवण अजून ताजी आहे. तिथल्या लोकस्मृतीत मृतांचा आकडा दोनशेच्या आसपास सांगितला जातो. उलट बाजूने कॅम्पांवरून होणारे हल्लेही सगळे नाक्यांपुरते राहिले नाहीत. गावोगावचा मुसलमान शेतकरी आणि विणकर त्या भीतीत जगत होता. २२ मे १९४८ रोजी मद्रासहून मुंबईकडे जाणाऱ्या मेल गाडीवर गाणगापूर स्टेशनात रझाकारांनी हल्ला केला. प्रवासी मारले गेले, जखमी झाले, काही बेपत्ता झाले. गावातली जाळपोळ हैदराबादला अफवा म्हणून नाकारता येत होती. मुंबई-मद्रास मेलमधल्या प्रवाशांवरचा हल्ला नाकारणे कठीण होते, कारण ती गाडी दोन भारतीय प्रांतांना जोडणारी होती आणि तिच्यातले प्रवासी मुंबईला पोचून आपले अनुभव वर्तमानपत्रांना सांगत होते. गाणगापूरनंतर संसदेत, वृत्तपत्रांत आणि दिल्लीच्या मंत्रिमंडळात हैदराबादचा प्रश्न सुरक्षेचा प्रश्न म्हणून बोलला जाऊ लागला. जुलैमध्ये बार्शी-सोलापूर भागातल्या नानज इथे भारतीय तुकडीवर गोळीबार झाला तेव्हा हा सूर आणखी चढला. परराष्ट्र धोरणाच्या इतिहासात अफजलपूर तालुक्याचे नाव येत नाही, पण हैदराबादच्या बाजूने परदेशात दिलेले प्रत्येक आश्वासन या स्टेशनाने खोटे ठरवले होते.

गव्हर्नर जनरल माउंटबॅटन यांनी जाण्यापूर्वी शेवटचा प्रयत्न केला. जून १९४८ चा मसुदा हैदराबादला आज वाचताना थक्क व्हावे इतका अनुकूल होता. संस्थानाला स्वतःचे सैन्य मर्यादित प्रमाणात ठेवता येणार होते आणि तत्काळ विलीनीकरणाची अट नव्हती. निजामाने तो नाकारला. माउंटबॅटन २१ जूनला भारत सोडून गेले. मसुदा नाकारणाऱ्यांचा हिशेब असा होता की भारत काश्मीरमध्ये गुंतला आहे, दक्षिणेत दंगली होण्याच्या भीतीने तो हात उचलणार नाही, आणि उचललाच तर जग मधे पडेल. पहिली दोन गृहीतके चुकणे हा अंदाजाचा भाग होता. तिसरे गृहीतक मात्र सहज तपासून पाहता आले असते, कारण जगाने आपले उत्तर वर्षभर आधीच दिले होते.

ब्रिटनचे उत्तर जुलै १९४७ मध्येच आले होते. संस्थानांना स्वतंत्र आंतरराष्ट्रीय घटक म्हणून मान्यता देण्याचा सरकारचा विचार नाही, असे भारतमंत्री लॉर्ड लिस्टोवेल यांनी लॉर्ड सभेत सांगितले होते. स्वतंत्र डोमिनियनचा दर्जा द्यावा ही निजामाची मागणीही फेटाळली गेली. ॲटली सरकारला भारत राष्ट्रकुलात हवा होता आणि त्या तुलनेत जुन्या निष्ठावंत मित्राचे पारडे हलके होते. विरोधी पक्षनेते विन्स्टन चर्चिल यांनी ३० जुलै १९४८ च्या कॉमन्स सभेतील चर्चेत हैदराबादची बाजू घेतली. हैदराबादच्या दरबारात या भाषणाला नको इतके वजन मिळाले. सत्तेबाहेर असलेल्या नेत्याच्या सहानुभूतीला दरबारातले लोक सरकारी धोरण समजून बसले. प्रजेकडून खरी बातमी येण्याचे मार्ग ज्या राजवटीने बंद केलेले असतात, तिला परदेशातून येणारी गोड बातमीही तपासता येत नाही. या प्रकरणातली ही खोल चूक आहे आणि ती हैदराबादपुरती नाही.

अमेरिकेकडे निजामाने मध्यस्थीची विनंती केली. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या सरकारने ती स्वीकारली नाही. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा साम्यवादाच्या प्रसाराची चिंता होती आणि तेलंगणातल्या लढ्याकडे बोट दाखवून हैदराबादला ती वापरता आली असती. पण ४ मे १९४८ रोजी हैदराबाद सरकारने कम्युनिस्ट पक्षावरची बंदी स्वतःच उठवली. स्टेट काँग्रेसविरुद्ध घरात एक तात्पुरता मित्र मिळवण्याच्या नादात पाश्चात्त्य देशांपुढचा एकमेव उपयोगी युक्तिवाद हातचा गेला. पाकिस्तानची सहानुभूती उघड होती. कर्ज त्याने घेतले, विमानांना तळ दिला, पण सैन्य उतरवण्याची त्याची ताकद नव्हती. कराचीपासून हैदराबादपर्यंतचे अंतर आणि काश्मीरची लढाई या दोन गोष्टींनी तो प्रश्न मिटवला होता.

दिल्लीपुढेही परराष्ट्र धोरणाचाच पेच होता. १ जानेवारी १९४८ रोजी भारताने काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला आणि तिथे तक्रारदार म्हणून गेलेला देश आरोपीच्या रांगेत उभा राहिल्याचा कडू अनुभव घेतला. हैदराबादमध्ये बळ वापरले तर काश्मीरवरची आपली बाजू दुबळी होईल, देशभरातल्या मुसलमानांवर त्याचे पडसाद उमटतील, ही नेहरूंची चिंता. उशीर होईल तसे संस्थानातले रक्त वाढेल आणि विलीनीकरणाचे सगळे कामच डळमळेल, ही पटेलांची. सरसेनापती जनरल बुचर हे ब्रिटिश होते आणि मोहिमेबद्दल साशंक होते. म्हणून लष्करी मोहिमेला ‘पोलीस कारवाई’ हे जे नाव देण्यात आले ते जपून निवडलेले होते. पोलिसांचे काम म्हणजे देशांतर्गत काम. त्यावर सुरक्षा परिषदेचा अधिकार चालत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २, पोटकलम ७ हा त्या नावामागचा आधार होता.

२१ ऑगस्ट १९४८ ही तारीख या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या दिवशी हैदराबादच्या परराष्ट्र विभागाने सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांना तार करून भारताविरुद्ध तक्रार दाखल केली. सदस्य नसलेल्या राज्याला वाद मांडण्याची मुभा देणाऱ्या कलम ३५, पोटकलम २ चा त्यासाठी आधार घेतला गेला. त्याच रात्री हैदराबाद शहरात ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांच्यावर घराजवळ हल्ला झाला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. भारतात सामील व्हावे आणि रझाकारांना आवर घालावा, असे ते लिहीत होते. त्याच महिन्यात सात मुस्लिम गृहस्थांनी जाहीर पत्रक काढून हीच मागणी केली होती. जगापुढे न्याय मागणाऱ्या सरकारच्या राजधानीत, सरकारच्याच धर्माच्या एका पत्रकाराला मत मांडल्याबद्दल जीव गमवावा लागला. हैदराबादचा दावा धर्माचा नव्हता, सत्तेचा होता, याची याहून जळजळीत साक्ष नाही.

मोईन नवाज जंग यांचे शिष्टमंडळ कॉटनच्या विमानाने कराचीमार्गे युरोपात गेले. ११ सप्टेंबरला कराचीत जिनांचा मृत्यू झाला. १३ सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालील मुख्य फौज सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेने हद्दीत शिरली. नळदुर्गचा पूल उडवायला निघालेला मूर नावाचा इंग्रज अधिकारी स्फोटकांनी भरलेल्या जीपसह पहिल्याच दिवशी पकडला गेला. १६ सप्टेंबरला पॅरिसच्या पॅले द शैय्योमध्ये सुरक्षा परिषदेची बैठक सर अलेक्झांडर कॅडोगन यांच्या अध्यक्षतेखाली भरली तेव्हा भारतीय सैन्य हैदराबादच्या वाटेवर बरेच आत आलेले होते. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा की नाही, यावर मतदान झाले. आठ मते बाजूने, विरोधात एकही नाही. सोव्हिएत संघ, युक्रेन आणि चीन तटस्थ. विषय दाखल करून घेणे म्हणजे हैदराबादला राज्य म्हणून मान्यता देणे नव्हे, असे काही प्रतिनिधींनी स्पष्ट केले. भारताच्या वतीने सर रामस्वामी मुदलियार यांनी हैदराबाद हे राज्यच नाही, म्हणून त्याला इथे उभे राहण्याचा अधिकार नाही, असा मुद्दा मांडला. दुसऱ्या दिवशी निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ तारखेला सेनापती अल् इद्रूस यांनी शरणागती दिली.

पुढची बैठक २० सप्टेंबरला झाली आणि २२ तारखेला निजामाची तार आली: तक्रार मागे घेतली आहे, शिष्टमंडळाला अधिकार उरलेला नाही. परिषदेपुढे एक अवघड गाठ पडली. विजेत्या सैन्याच्या पहाऱ्यात असलेल्या राजाची तार खरी मानायची, की आता अस्तित्वात नसलेल्या मंत्रिमंडळाच्या प्रतिनिधीचे म्हणणे? अर्जेंटिनासारख्या देशांनी शंका काढली, आणि शंका रास्त होती. पण तिच्या मुळाशी जाणे परिषदेला परवडणारे नव्हते, कारण निजामाचा शब्द दबावाखालचा मानला तर २७ ऑक्टोबर १९४७ नंतरचा त्याचा प्रत्येक शब्द तसाच मानावा लागला असता. २३ सप्टेंबरच्या नभोवाणीवरील भाषणात निजामाने स्वतःच सांगितले की एका लहान निमलष्करी गटाने आपल्याला असहाय करून राज्य हाती घेतले होते; त्याने हिटलरच्या जर्मनीची उपमाही दिली. स्वतःची जबाबदारी झटकणारे हे भाषण आहे, पण त्यातली माहिती खरी आहे. मे १९४९ मध्ये पाकिस्तानच्या आग्रहाने परिषदेने हा विषय पुन्हा ऐकला. निर्णय झाला नाही. तो परिषदेच्या प्रलंबित विषयांच्या यादीत दीर्घकाळ तसाच पडून राहिला.

भारतीय सैन्य आल्यानंतर सरहद्दीवरच्या जिल्ह्यांत जे घडले, त्याला कोणत्याही आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर जागा मिळाली नाही. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड निरपराध मुसलमान वस्त्यांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये फिरून अहवाल दिला. कारवाईदरम्यान आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे तिने नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. हा अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. गोरट्याचे हत्याकांड आणि सुंदरलाल समितीचे आकडे दोन्ही एकाच मुलखाचे आहेत. या प्रदेशाचा इतिहास लिहिणाऱ्याने एक सांगून दुसरे गाळणे हा मृतांवरचा अन्याय आहे.

घटनात्मक प्रश्न त्या मानाने लवकर मिटला. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने भारताची राज्यघटना हैदराबादला लागू असल्याचे फर्मान काढले, २६ जानेवारी १९५० पासून ते राजप्रमुख झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने बुरगुल रामकृष्ण राव यांचे मंत्रिमंडळ आले आणि हैदराबादच्या वतीने बोलणारे सरकार पहिल्यांदा मतांवर उभे राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य भाषेनुसार वाटले गेले. अफजलपूरसह गुलबर्गा जिल्ह्याचा बहुतेक भाग म्हैसूर राज्यात गेला, तसाच बीदरचाही; उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे बीदरचे मराठी तालुके मात्र उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले.

परराष्ट्र धोरणाचा एक धागा यानंतरही लंडनमध्ये लोंबत राहिला. २० सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे शरणागतीनंतर दोन दिवसांनी, हैदराबादच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील खात्यातून १० लाख पौंडांहून थोडी अधिक रक्कम पाकिस्तानचे उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या नावे गेली. निजामाने ती परत मागितली, बँकेने कोणालाच दिली नाही. १९५७ मध्ये लॉर्ड सभेने परकीय राज्याच्या संरक्षणाच्या तत्त्वावर दावा थांबवला आणि रक्कम व्याजाने वाढत राहिली. पाकिस्तानने बऱ्याच काळाने पुन्हा दावा केला, तेव्हा शस्त्रपुरवठ्याचा मोबदला म्हणून ही रक्कम आपलीच आहे, असाही एक मुद्दा मांडला. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी तो फेटाळला. तोवर सुमारे साडेतीन कोटी पौंड झालेली ही रक्कम सातव्या निजामाच्या मालकीची होती, आणि आपापसांत आधीच समझोता केलेल्या त्याच्या वारसांचा व भारताचा तिच्यावर हक्क आहे, असा निकाल त्यांनी दिला.